मूषकनिवारण, घरगुती : सातारा व सांगली परिसर

घर, वाडा, कोठार आणि दुकान यांतील धान्य, वस्त्रे, कागदपत्रे व खुद्द बांधकाम यांचा उंदीर-घुशींपासून बचाव करण्यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांना मूषकनिवारण ही संज्ञा लावतात. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत या उपायांचा इतिहास धान्यसाठवणीच्या जुन्या पद्धतींपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीने त्याला अगदी निराळे वळण दिले. आज दोन असलेले हे जिल्हे पूर्वी बव्हंशी एकच होते. १९४९ मध्ये पटवर्धन व इतर संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या सरकारी कागदपत्रांत ‘सातारा जिल्हा’ असा उल्लेख येतो, तेव्हा वाळवे, तासगाव व खानापूर हे तालुकेही त्यात धरावयाचे असतात. सांगली, मिरज, जत, औंध व फलटण या संस्थानांचा कारभार मात्र स्वतंत्र होता.

घरात उपद्रव करणारे प्राणी एकाच जातीचे नाहीत आणि निवारणाच्या उपायांचे यशापयश पुष्कळदा या भेदावरच अवलंबून असते. कौलांत, माळ्यावर आणि तुळयांच्या सांध्यांत राहणारा काळा उंदीर (रॅटस रॅटस) हा चढण्यात पटाईत असून दख्खनच्या खेड्यांत तोच खरा घरउंदीर होय. तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्व्हेजिकस) हा गटारे व बंदरे यांचा रहिवासी. अंतर्भागातील खेड्यांत तो सहसा नसतो. फडताळात वा पेटीत घरटे करणारा लहान उंदीर (मस मस्क्युलस) जेमतेम १५ ते २० ग्रॅ. वजनाचा असतो व सुमारे ६ मिमी. रुंदीच्या फटीतूनही आत शिरतो. जोते व अंगण पोखरणाऱ्या घुशींपैकी मोठी घूस (बँडिकोटा इंडिका) आकाराने दांडगी असते, तर लहान घूस (बँडिकोटा बेंगॉलेन्सिस) मुळात शेतातील असून आपल्या बिळात धान्याचा साठा करते. चिचुंद्री ही उंदीर नव्हेच. ती कीटकभक्षक असून झुरळे व किडे खाते. उग्र वासामुळे आणि दिसण्यातील साम्यामुळे तिला उगाचच मार बसतो. उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहत असल्याने ते झिजविण्यासाठी त्यांना सतत काही ना काही कुरतडावे लागते. म्हणून खाण्यास निरुपयोगी असलेले लाकूड, कागद व कापडही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. गर्भावधी सुमारे तीन आठवड्यांचा आणि एका वेळच्या पिलांची संख्या साधारणपणे ५ ते ८ असल्याने, मारलेल्या उंदरांची जागा थोड्याच काळात भरून निघते.

मराठी खेड्यात शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची रीत आहे. उंदरांचीही अशीच विभागणी करता येते. मात्र सुगीनंतर काळीतील उंदीर पांढरीत येतात, हे या विषयाचे एक मर्म आहे. धान्य ज्या वाटेने घरात येते, त्याच वाटेने तेही येतात. पाटण व जावळी या पश्चिमेकडील अतिवृष्टीच्या भागात गवताने शाकारलेली वा कौलारू घरे असत आणि तेथे उंदरांचा वास प्रामुख्याने छपरात असे. माण, खटाव, आटपाडी व जत या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात माळवदाची घरे असून त्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. तेथे भिंत व जोते हेच उंदरांचे घर. एकाच जिल्ह्यात एकीकडे वर पाहून आणि दुसरीकडे खाली पाहून उंदीर शोधावा लागे.

जुन्या गृहव्यवस्थेतील कित्येक वस्तू मूषकनिवारणाच्या गरजेतून आकाराला आल्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. तुळईला टांगलेले शिंके हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. दूध, दही व लोणी जमिनीपासून आणि भिंतीपासून सारख्याच अंतरावर ठेवण्याची ही युक्ती मांजर व उंदीर या दोघांवरही चाले. मडक्यांची उतरंड रचताना प्रत्येक मडके खालच्याचे झाकण होई आणि सर्वांत वरच्या मडक्यावर जड परळ येई. निरगुडीच्या फोकांनी वा तुरकाठ्यांनी विणलेली कणगी शेणमातीने आतून-बाहेरून लिंपून दगडांवर उभी करीत. तिचे तोंडही लिंपून बंद केले जाई. लिंपण तडकले की उंदराला वाट मिळे, म्हणून दर वर्षी सुगीपूर्वी लिंपण नव्याने करावे लागे आणि हे काम घरातील स्त्रियांकडे असे. मोठ्या वाड्यांत भिंतीच्या जाडीत वा जोत्यात बांधून काढलेली बळदे असत. त्यांत धान्य वरून ओतावयाचे आणि खालच्या लहान तोंडातून लागेल तेवढे काढून घ्यावयाचे. धान्यात कडुनिंबाचा पाला वा राख मिसळण्याची प्रथाही सार्वत्रिक होती. पण ती किडीवर उपयोगी, उंदरावर नव्हे. या दोहोंची गल्लत आजही पुष्कळदा होते.

साठवणीचा याहून प्रभावी प्रकार म्हणजे पेव. घट्ट मातीच्या जागी मडक्याच्या आकाराचा, तोंडाशी अरुंद व आत रुंद होत जाणारा खोल खड्डा खणून त्यात ज्वारी भरत आणि तोंड दगड-मातीने बंद करीत. आतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपुष्टात येत असल्याने तेथे किडा, बुरशी वा उंदीर यांपैकी काहीही तग धरू शकत नसे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे प्राणघातक ठरे. म्हणून ते काही काळ उघडे ठेवून, पेटता कंदील आत सोडून हवेची परीक्षा करण्याची पद्धत होती. पेवातील धान्याला एक प्रकारचा उग्र वास येई, हा त्यातील दोष. परंतु दुष्काळ आणि लुटारू यांपासूनही पेव रक्षण करीत असे. एखाद्या गोष्टीची एकाएकी रेलचेल होणे या अर्थी ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे ही पद्धत हळदीसाठी विशेष विकसित झाली. तेथील गाळाची घट्ट माती, आत उसाचे पाचट व चटया यांचे अस्तर आणि वर मातीचे लिंपण अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. सांगलीची हळदीची बाजारपेठ या पेवांच्या आधाराने वाढली. आधुनिक हवाबंद साठवणीचे तत्त्व आणि या पेवांचे तत्त्व यांत मूलतः फरक नाही.

मांजर हा घरगुती उपायांपैकी सर्वांत जुना व सर्वमान्य उपाय. मांजराची हत्या घडल्यास काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, या समजुतीने त्याला चांगलेच संरक्षण दिले होते. मात्र मांजराचा उपयोग लहान उंदीर व पिले यांच्यापुरताच मर्यादित असतो. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. धामण, नाग, मुंगूस आणि गव्हाणी घुबड हे उंदरांचे निसर्गातील शत्रू होत. धामण तर मुख्यतः उंदरांवरच जगते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमी प्रसिद्ध आहे. पूर्वी त्या उत्सवासाठी परिसरातील शेते व बांध धुंडाळून नाग पकडण्यात येत आणि पूजेनंतर पुन्हा सोडून देण्यात येत. उंदरांची बिळे जेथे, तेथे नाग सापडणार, हे तेथील जाणकारांना अर्थातच ठाऊक होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि पुढे न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या खेळांवर व मिरवणुकांवर निर्बंध आले. घुबडाविषयीची अशुभाची कल्पना मात्र कोणत्याही कायद्याने कमी झालेली नाही आणि शेतकऱ्याच्या या उपयुक्त पक्ष्याला ती अद्याप भोवते.

शेतातील बिळे खणून उंदीर पकडण्याचे कसब वडार समाजातील लोकांकडे परंपरेने होते. त्यांना त्यातून अन्न मिळे, बिळातील धान्य मिळे आणि शेतकऱ्याचे रान साफ होई. उलट सांगली, मिरज व वाळवे भागांतील जैन शेतकरी व व्यापारी कुटुंबांत उंदीर पिंजऱ्यात धरून गावाबाहेर सोडून देण्याची रीत दिसते. इतर समाजांतील अनेक घरांतही, गणपतीचे वाहन म्हणून, उंदीर मारण्याऐवजी हाच मार्ग पत्करला जाई. या रीतीमागील दयाबुद्धी खरी असली, तरी सोडलेला उंदीर बहुधा परत येतो किंवा शेजाऱ्याच्या घरी जातो. प्लेगपूर्व काळात या गोष्टीला फारसे महत्त्व नव्हते, कारण उंदीर हा तोवर केवळ धान्याचा चोर होता.

प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, म्हणजे धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे (ग्रंथिक सन्निपाताचे) रुग्ण ओळखले. लवकरच साथ पुण्यास व तेथून दक्षिणेकडे पोहोचली. पुणे-मिरज-बेळगाव लोहमार्ग त्यापूर्वी काही वर्षे सुरू झालेला होता. वाठार, कऱ्हाड, मिरज ही त्यावरील ठिकाणे धान्य व गूळ यांच्या उलाढालीची असल्याने माणसांबरोबर पोती, पोत्यांबरोबर उंदीर आणि उंदरांबरोबर पिसवा असा प्रवास सहज घडे. १८९७ पासून सातारा जिल्ह्यात प्लेगने ठाण मांडले आणि पुढे कित्येक वर्षे तो पुनःपुन्हा उद्भवत राहिला. मुंबई इलाख्यातील अधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत सातारा, बेळगाव व धारवाड यांची गणना होते. १८९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सु. १२·२५ लाख होती, ती १९०१ मध्ये सु. ११·४६ लाखांवर आली. या घटीत १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांचाही वाटा आहे. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निधन झाले.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत करून घेतला. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून नेमण्यात आलेले वॉल्टर चार्ल्स रँड हे त्यापूर्वी साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर होते. त्यांच्या कारकिर्दीतील घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण व त्यातून उद्भवलेला असंतोष यांचा इतिहास परिचित आहे [⟶ चाफेकर बंधु]. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. या सर्व दंडेलीचा रोख घरावर होता, पण घरातील उंदरावर नव्हता. रोगाचे बीज अस्वच्छ जमिनीत व कोंदट हवेत असते, अशा समजुतीने जमिनी उखणल्या गेल्या, कौले उतरवून घरांत ऊन घेण्यात आले, कार्बॉलिक अम्लाचे फवारे मारले गेले आणि सामानसुमान जाळण्यात आले. अशा उलथापालथीत उंदीर मरत नसत. ते शेजारच्या घरात पळत. जे घर रोगमुक्त करावयाचे, त्याच्या शेजारचे घर रोगाच्या वाटेवर आणून सोडण्याचा संभव या उपायांत होता.

खेड्यातील लोकांची रोगाविषयीची समजूत या बाबतीत अधिकाऱ्यांपेक्षा वास्तवाला जवळ होती. ‘उंदीर पडू लागले’ हा शब्दप्रयोग त्या काळात रूढ झाला. छपरातून उंदीर मरून खाली पडू लागले की घर सोडावयाचे, हे अनुभवाने ठरून गेले होते. कोणा शास्त्रज्ञाने सांगण्याची वाट न पाहता गावेच्या गावे बाहेर पडत आणि मळ्यांत वा माळावर झोपड्या, मांडव घालून महिनोन्‌महिने राहत. दख्खनच्या पठारावर प्लेगचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असे आणि चैत्र-वैशाखात तो ओसरे. त्यामुळे ऐन पावसात वा सुगीच्या तोंडावर घर सोडण्याचा प्रसंग येई. मागे राहिलेल्या घराला चोरांचे भय आणि पुढे असलेल्या झोपडीत पावसाची ओल, अशा पेचात ज्यांच्याजवळ स्वतःची जमीन नव्हती त्यांचे हाल सर्वाधिक होत. गावाबाहेर जाण्याचा उपाय परिणामकारक होता. मात्र त्यात एक छिद्र राहून गेले होते. बाहेर पडताना लोक धान्याची पोती व अंथरुणे बरोबर नेत आणि त्यांतून रोगट पिसवा झोपडीपर्यंत पोहोचत. तसेच, पडीक घरातील पिसवा उपाशीपोटी काही आठवडे जगू शकतात. घाईने परतणाऱ्या पहिल्या कुटुंबावर साथ पुन्हा तुटून पडे, त्याचे कारण बहुधा हेच.

रोगजंतूचा शोध अलेक्सांद्र येर्सँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लावला होता. उंदरावरील पिसवेमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगाने दाखविले. त्यावर पुष्कळ वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही; त्याच वर्षी नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगानेही पिसवेला महत्त्व दिले नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाने मुंबईत परळ येथे केलेल्या प्रदीर्घ प्रयोगांनंतर हा प्रश्न निकालात निघाला. प्लेगने उंदीर मेलेल्या घरांत गिनिपिग मोकळे सोडले की त्यांच्या अंगावर पिसवा गोळा होत आणि ते प्लेगने मरत. पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनिपिग मात्र वाचत. उंदराचे शरीर थंड पडले की पिसू (झिनॉप्सिला किओपिस) त्याला सोडून दुसरा आश्रय शोधते आणि जवळ उंदीर नसल्यास माणसाला चावते, अशी ही साखळी आहे. काळा उंदीर माणसाच्या डोक्यावर, छपरात राहतो. त्यामुळे मेलेला उंदीर आणि त्याच्या पिसवा थेट माजघरातच पडत. सातारा-सांगलीकडील खेड्यांत प्लेगने इतका कहर का केला, याचे उत्तर या एका गोष्टीत बऱ्याच अंशी सापडते.

या शोधानंतर उंदीर मारणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम बनले. पिंजरे वाटणे, विषारी आमिषे ठेवणे, मेलेल्या उंदरांची तपासणी करणे हे उपक्रम मोठ्या शहरांत सुरू झाले. मुंबई महानगरपालिकेने रात्री बॅटरी व काठी घेऊन उंदीर मारणारे कामगार पुढेही दीर्घकाळ नेमलेले होते. खेड्यांत मात्र एवढी यंत्रणा उभी राहणे शक्य नव्हते. बक्षिसाच्या आमिषाचे दुष्परिणामही ठाऊक झाले होते. फ्रेंचांच्या ताब्यातील हानॉय शहरात १९०२ मध्ये उंदराच्या शेपटीमागे पैसे देण्याची योजना निघाली, तेव्हा लोक शेपट्या कापून उंदीर जिवंत सोडू लागले, कारण उंदीर संपले तर उत्पन्नही संपणार. जावा बेटात डच सरकारने वेगळा मार्ग धरला. तेथील घरांच्या पोकळ बांबूंत उंदीर राहत; म्हणून घरेच सुधारून घेण्याची मोहीम हाती घेण्यात आली. आपल्याकडे घरांच्या रचनेला हात घालण्याचा असा व्यापक प्रयत्न झाला नाही. लस टोचणे आणि गाव खाली करणे यांवरच भर राहिला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर प्रथम टोचून घेतलेली लस हे त्या काळातील मोठे साधन होते [⟶ हाफकिन, व्हॉल्डमार मॉर्डेकाय वुल्फ]. १८९६ नंतरच्या पाव शतकात प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

प्लेगच्या अनुभवातून मिळालेला एक धडा पुढील काळात पुष्कळदा विसरला गेला. उंदरांत प्लेग चालू असताना केवळ विष घालून उंदीर मारणे घातक असते, कारण निराधार झालेल्या पिसवा माणसाकडे वळतात. प्रथम कीटकनाशकाने पिसवा मारावयाच्या आणि नंतर उंदीर, हा क्रम होय. डीडीटी उपलब्ध झाल्यावर तो पाळणे शक्य झाले. डीडीटी, सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसीन यांच्या वापराने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लेग झपाट्याने मागे हटला. तथापि तो त्यापूर्वीच उताराला लागलेला होता. वारंवार साथ येऊन गेलेल्या ठिकाणच्या उंदरांत रोगप्रतिकारशक्ती निर्माण झाली, हे त्याचे एक कारण मानले जाते. १९६६ नंतर भारतात प्लेगच्या निश्चित रुग्णांची नोंद बराच काळ झाली नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी व पाठोपाठ सुरत येथे तो पुन्हा दिसला. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत साठून राहिलेले धान्य व त्यामुळे वाढलेले उंदीर यांच्याशी बीडमधील उद्रेकाचा संबंध जोडण्यात आला. त्या वर्षी ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या तोंडी पुन्हा ऐकू आला.

विषे व सापळे : सोमल व कुचला ही जुन्या काळातील विषे. पुढे बेरियम कार्बोनेट व झिंक फॉस्फाइड आली. यांपैकी काळसर पुडीच्या रूपात मिळणारे झिंक फॉस्फाइड दीर्घकाळ ‘उंदराचे औषध’ या नावाने घरोघर परिचित झाले. ते पोटातील अम्लाशी संयोग पावून फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण करते. साधारणतः ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड असे आमिष तयार करतात. उंदीर नवा पदार्थ प्रथम अगदी थोडा चाखून पाहतो आणि त्यापासून त्रास झाला, तर पुन्हा त्याला शिवत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस विषाशिवाय नुसते तेल लावलेले धान्य ठेवून त्याला सवय लावावी लागते. हा टप्पा गाळल्यामुळेच बहुतेक घरांत पहिल्या रात्री दोन उंदीर मरतात आणि नंतर एकही मरत नाही. त्यावरून औषध भेसळीचे असल्याचा निष्कर्ष काढला जातो. उंदराच्या या संशयी स्वभावावर तोड म्हणून रक्त गोठू न देणारी विषे पुढे आली. कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांचा अभ्यास विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांनी केला. त्यातून १९४८ मध्ये वॉरफरीन हे उंदीरनाशक बाजारात आले. ते खाल्ल्यावर उंदीर काही दिवसांनी मरतो व मरणाचा संबंध तो खाद्याशी जोडू शकत नाही. ब्रोमॅडिओलोन हे याच वर्गातील नंतरचे विष असून ते आमिषात अवघे ०·००५ टक्के असते. या वर्गातील विषांवर के-१ हे जीवनसत्त्व उतारा म्हणून चालते. फॉस्फाइडांवर मात्र निश्चित उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवाबंद गोदामातील धुरीसाठी असून त्या राहत्या घरात ठेवणे म्हणजे घरातील माणसांच्या जिवाशी खेळ होय. लहान मुले आणि पाळीव जनावरे यांना होणाऱ्या विषबाधेचा धोका ध्यानात घेता, घरापुरता विषापेक्षा सापळा बरा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. त्यामुळे चाप वा पिंजरा खोलीच्या मध्यभागी न मांडता भिंतीला काटकोनात, वाटेवरच लावावा लागतो. चिकट कागदावर अडकलेला उंदीर फार काळ तडफडत राहतो. तो उपाय क्रूर आहे व मोठ्या घुशीवर चालतही नाही. उंदरांना पळवून लावणाऱ्या ध्वनियंत्रांचा परिणाम टिकत नाही, कारण उंदीर त्या आवाजाला लवकरच सरावतात.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७७ मध्ये जोधपूर येथील मरुक्षेत्र संशोधन संस्थेत मूषकनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. त्याचा भर शेतीवर होता. घरापुरता विचार करता सर्वांत मोठा बदल कोणत्याही विषाने नव्हे, तर पत्र्याने घडवून आणला. १९६० नंतरच्या दशकांत धान्य वाचविण्याच्या सरकारी मोहिमेतून पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला आणि कणगी, बळद व उतरंड हळूहळू मागे पडली. पाठोपाठ सिमेंटची जोती व स्लॅबची छपरे आली. काळ्या उंदराचे छपरातील घर त्यामुळे गेले. लिंपणाचे वार्षिक काम सुटल्याने घरातील स्त्रियांचे श्रम वाचले. पोट-छतांच्या पोकळ्या, बंदिस्त गटारे व नळांभोवतीच्या फटी यांनी मात्र उंदरांना नवी घरे दिली आहेत.

शेतातही याच काळात मोठे स्थित्यंतर झाले. कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पुढे ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांमुळे कोरडवाहू भागातही ऊस पोहोचला. बारमाही ओलावा, दाट आडोसा व गोड खाद्य यांमुळे लहान घुशीला ऊस अत्यंत सोईचा ठरतो. ऊसतोड झाली की आसरा गमावलेले उंदीर जवळच्या वस्त्यांकडे वळतात. ज्वारीच्या काळात सुगीपुरता असलेला हा ओघ आता गाळप हंगामभर चालू राहतो.

महापुराने या प्रश्नाला आणखी एक बाजू दिली आहे. २००५, २०१९ व २०२१ मधील पुरांत कृष्णा व वारणा यांच्या काठची गावे आणि सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. बिळांत पाणी शिरल्यावर उंदीर माणसांच्याच बरोबरीने वरच्या मजल्यांवर आश्रय घेतात. त्यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणुजन्य रोग साचलेल्या पाण्यातून व चिखलातून, त्वचेवरील जखमांवाटे माणसाला होतो. ताप, अंगदुखी, डोळ्यांची लाली व कावीळ ही त्याची लक्षणे असून वेळीच प्रतिजैविके दिल्यास तो बरा होतो. पुरानंतर घर साफ करताना बूट व हातमोजे वापरावेत, मेलेले उंदीर उघड्या हाताने उचलू नयेत, भिजलेले धान्य अंगणात टाकून न देता खोल पुरावे, या सूचना त्यासाठीच दिल्या जातात.

२००५ च्या पुराने हरिपूरच्या पेवांतही पाणी शिरले आणि त्यांपैकी पुष्कळशी ढासळली. तेव्हापासून हळदीचा साठा मुख्यतः गोदामे व शीतगृहे यांत होऊ लागला आहे. गोदामाचे जोते जमिनीपासून निदान ७५ ते ९० सेंमी. उंच बांधून त्याचा वरचा काठ बाहेर काढलेला असावा लागतो. पायऱ्या हलविता येण्याजोग्या असाव्या लागतात व दारांच्या खालच्या कडेला पत्रा ठोकावा लागतो. पेवाला यांपैकी कशाचीच गरज पडत नसे.